थांबलेलं लाल पेन

मॅडमचं लाल पेन आज माझ्या वहीवर थांबलं. एरवी ते थांबत नाही. मी चळवळीची पत्रकं लिहिणाऱ्या घरात वाढले. कॉलेजच्या लेखनवर्गातही प्रत्येक वाक्यापुढे तीन उद्गारचिन्हं ठोकायचे. मॅडम ती खोडत म्हणायच्या, “अगं, ओरडू नकोस. एका परिच्छेदात एकच गोष्ट सांग. व्यवस्थेनं अन्याय केला म्हणजे कुणी काय केलं?”

या वेळी मी तेवढंच लिहिलं. मुलींच्या वसतिगृहाची अभ्यासिका संध्याकाळी सहाला बंद होते. मुलांची दहापर्यंत उघडी असते. किल्ली प्राचार्यांकडे असते. आम्ही तीनदा अर्ज दिला, उत्तर आलं नाही.

मॅडम हळूच म्हणाल्या, “छान झालंय. पण वर्गापुरतंच ठेव हं.”

घोषणा वाचून लोक मान डोलावतात आणि त्याच कागदावर भजी खातात. ही चार साधी वाक्यं मात्र बोट दाखवून उभी होती.

“मॅडम, स्पष्ट लिहायला तुम्हीच शिकवलंत,” म्हणत मी पान फाडलं आणि सूचनाफलकासाठी चार टाचण्या मागितल्या.

मॅडमनी टाचण्यांसाठी टेबलाचा खण उघडला.