फुकटचं तिकीट

चष्म्याच्या दुकानात भिंगं घासून फ्रेममध्ये बसवणाऱ्या त्या माणसाला सगळे पॉइंटराव म्हणत. लेक लग्न होऊन समुद्रापलीकडे गेली, तेव्हा त्यांनी क्रेडिट कार्ड घेतलं. खर्चावर पॉइंट, आणि पॉइंट साठले की विमानाचं तिकीट! मग शेजाऱ्यांचं वीजबिल, मालकांच्या घरचे पडदे, सगळं पॉइंटरावांच्या कार्डावर. लोक रोख आणून देत, ते बँकेत भरत. "खिशाला चाट नाही आणि लेकीची भेट," ते बायकोला सांगत.

मग साडूंनी अख्खं स्वयंपाकघर नवं केलं, याच कार्डावर. पैसे पुढच्या महिन्यात देणार होते. तो महिना काही उजाडला नाही.

"ताईला कसं विचारू?" बायको म्हणाली.

"नको विचारूस. बिलावर किमान रक्कम लिहिलीय, तेवढी भरली की व्याज नाही. उलट थोडं देणं ठेवलं की पत वाढते."

"आणि उरलेले बँक काय तुमच्या प्रेमापोटी सोडणारेय?"

ते हसले. पण व्याज उरलेल्यावर चढत होतंच, आणि नव्या खरेदीवर पहिल्या दिवसापासून. शेजाऱ्यांची रोकड त्यातच जिरू लागली. पॉइंट पुरे व्हायला थोडेच राहिलेत, या आशेवर ते कार्ड घासत राहिले. शेवटी किमान रक्कमही झेपेना.

त्याच सुमारास लेकीचा फोन आला. दिवस भरत आले होते, डॉक्टरांनी झोपून राहायला सांगितलं होतं. "आईला पाठवा ना, बाबा."

पॉइंटराव बँकेत धावले.

"काका, खातं थकलंय. पॉइंट वापरता येणार नाहीत," काउंटरवरची मुलगी म्हणाली.

"मग तिकिटापुरतं कर्ज?"

तिने पडद्याकडे पाहिलं आणि मान हलवली. "तुमचा क्रेडिट स्कोअर पार खाली गेलाय."

साडूंकडे गेले, तर ते दारातच म्हणाले, "मी काय पळून चाललोय का?"

"लेकीलाच खरं सांगू या. ती काढेल तिकीट," बायको म्हणाली.

"जावयापुढे हात पसरू?" त्यांनी स्वतःच फोन लावला. आईचा गुडघा धरलाय म्हणाले, प्रवास जमायचा नाही.

बायकोला ते खोटं निभवावं लागलं. बाळ झालं त्या दिवशी लेकीने विचारलं, "आई, खरं सांग. तुला यायचंच नव्हतं ना?"

बायकोने नवऱ्याकडे पाहिलं. त्यांनी मान खाली घातली. "गुडघाच गं," एवढंच ती बोलली. फोन ठेवून म्हणाली, "यापुढे तुम्हीच बोला तिच्याशी."

ते दर रविवारी फोन करतात. जावई उचलतो. ती झोपलीय म्हणतो.