युसूफभाईंनी सांगितलेला सिनेमा

किस्से काही कुणी ठरवून जमवत नाही हो! रविवारी दुपारी माझ्या दारात चपला साठतात, तसेच तेही साठतात. आमच्या भिंगारच्या गल्लीत मोठा टीव्ही माझा, म्हणून सिनेमे माझ्याकडे. आणि मंडळींना हवेत फक्त परग्रहाचे, रोबोटचे! येणारे तिघं: शेजारच्या सुमनताई, बाजारातले टेलर युसूफभाई आणि विज्ञान शिकवून रिटायर झालेले साळवे सर. सरांचा डावा डोळा ऑपरेशनमध्येच गेलेला. उजव्यात मोतीबिंदू पिकला, पण भीतीनं ऑपरेशनला सपशेल नकार! मग पडद्यावर काय चाललंय ते युसूफभाई त्यांना सांगत.

*

एकदा आभाळातून यान उतरलं. दार उघडलं, लख्ख उजेड पडला. सुमनताईंनी लगेच हात जोडले!

"ताई, हा व्हिलन निघाला तर?" युसूफभाईंनी विचारलं.

"मग सोडीन की हात! माझेच हायेत."

तो व्हिलनच निघाला. ताई फणकारल्या, "मग मेला एवढा उजेड कशाला पाडतो!"

*

हिरो पांढऱ्या कपड्यात, सैतान काळ्या झग्यात, हे तर ठरलेलंच. सर समजावत, "युसूफ, पांढरं म्हणजे पावित्र्य."

युसूफभाईंना वेगळीच काळजी. "पर सर, त्या ग्रहावर नुसती धूळ उडतीय, पानी थेंबभर न्हाई. हे पांढरं धुतं कोन?"

सरांना चर्चमधली उत्तरं येतात, विज्ञानातली येतात. ह्यावर त्यांनी चहा मागितला.

*

एका सिनेमात मुलगा बापाशिवाय जन्मला.

"ही तर येशूची गोष्ट!" सर खूश.

"कुठली येशूची? कर्णाची!" सुमनताई.

"ईसा आमच्यातबी पैगंबरच हायेत," युसूफभाई.

आवाज चढले. मी वैतागून टीव्हीच बंद केला. "पोरगं तिघांचं, मान्य! पण आता त्याला त्या राक्षसाच्या तावडीतून सोडवणार कोण?"

तिघं एकदम ओरडले, "आधी टीव्ही लावा!"

*

पुढे सरांना समोरचा कपही दिसेना. डॉक्टर म्हणाले, आता उशीर केलात तर हाही डोळा जाईल. सोमवारची तारीख मिळाली. मी रागावले, रडले, पण सर ढिम्म!

त्या रविवारच्या सिनेमात एक म्हातारा रोबोट गाव वाचवायला आगीत शिरला. त्याच्या छातीतला दिवा विझला आणि सिनेमा संपला.

"पुढं?" सरांनी विचारलं.

युसूफभाईंनी माझ्याकडे पाहिलं. "उठला, सर! दिवा लागला, उठला!"

पाच वक्तांचे नमाजी, आयुष्यात कधी कापडाच्या मापात खोटं बोलले नाहीत हो!

सर चाचपडत उठले. मग म्हणाले, "उद्या किती वाजता निघायचं?"

*

ऑपरेशन झकास झालं. महिन्याभरानं सर नवा चष्मा लावून आले. हट्ट काय, तर तोच सिनेमा लावा! मी म्हटलं, रिमोट सापडत नाही. सरांनीच तो सोफ्यावरून उचलून माझ्या हातात दिला.

रोबोट आगीत शिरला. दिवा विझला. पडदा काळा झाला. युसूफभाई मान खाली घालून फरशी बघत बसले.

सर मोठ्यानं म्हणाले, "उठला!"

"कुठं, सर?" युसूफभाईंनी मान वर केली.

"मला स्वच्छ दिसलं. तुम्ही डोळे तपासून घ्या!"