पाळकाच्या मुलीला साक्ष नसते

चोरीत सापडलेल्या पोराचा हेवा करणं पाळकाच्या मुलीला शोभत नाही. पण मी केला, आणि चांगला मन लावून केला.

नव्वदीच्या दशकातली गोष्ट. पप्पा शिरूरच्या चर्चचे पाळक होते आणि आम्ही मिशनच्या आवारात राहायचो. मी तेव्हा दहावीत होते. उपासनेत बाजाची पेटी मी वाजवायची, लहान मुलांची शब्बाथ शाळा मी घ्यायची, नाताळच्या नाटकात दरवर्षी मरीया मीच व्हायची. एवढं करूनही पप्पांच्या लेखी मी 'आपलीच पोर, करणारच' अशी होते. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात ते उगाच नाही.

पप्पा अधूनमधून पुण्याला मुलांच्या निरीक्षणगृहात जायचे. सगळे त्याला रिमांड होमच म्हणत. तिथल्या मुलांना ते गोष्टी सांगत, त्यांच्याकडून गाणी बसवून घेत. एकदा गेले ते येताना एक मुलगाच घेऊन आले. चौदा वर्षांचा, हडकुळा, दौंडचा. दौंडच्या यार्डात उभ्या असलेल्या मालगाडीतून साखरेची पोती उतरवणाऱ्या टोळीत तो सापडला होता. म्हणजे उतरवणारे मोठे लोक पळाले आणि खाली राखण करत उभा असलेला हा तेवढा पोलिसांच्या हाती लागला. बाप नव्हता. आई दौंडला एका दवाखान्यात आया होती. कोर्टाच्या तारखेला तिला रजा मिळायची नाही, मिळाली तर मॅजिस्ट्रेट रजेवर. प्रोबेशन ऑफिसरांच्या डोक्यावर इतकी मुलं, की याच्या घरची चौकशी व्हायलाच कित्येक महिने गेले. तोवर हा आत. शेवटी कोर्टानं ठरवलं, दौंडची संगत सुटेपर्यंत मुलाला एखाद्या भल्या माणसाच्या ताब्यात द्यावं. भला माणूस म्हणून पप्पा पुढे झाले.

"घरचं झालं थोडं, व्याह्यानं धाडलं घोडं," आई पुटपुटली आणि त्याच्यासाठी भाकरी थापायला बसली.

आता आमच्यात साक्ष देणं म्हणजे काय ते सांगायला हवं. चारचौघांत उभं राहायचं आणि आपण कोणत्या चिखलात होतो, तिथून देवानं कसं बाहेर काढलं, ते सांगायचं. चिखल जितका खोल तितकी साक्ष भारी. दारू सोडलेल्या माणसाला आमच्याकडे जो मान, तो जन्मात दारू न प्यायलेल्याला नाही. मी तर चिखलात कधी पायच घातला नव्हता. पाळण्यातून थेट शब्बाथ शाळेत.

त्या पोरानं शिरूरच्या चर्चमध्ये पहिली साक्ष दिली ती दोन-तीन वाक्यांची. मालगाडीपाशी उभा होतो, पकडलं, पाळकसाहेबांनी आणलं. खाली मान घालून, शर्टाचं बटण पिळत. पण बायांनी पदर डोळ्यांना लावले आणि पप्पांचा चेहरा असा उजळला, की माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माझ्या पेटीला त्या चेहऱ्यानं कधी दाद दिली नव्हती.

मग त्याला बोलावणी सुरू झाली. पप्पा आणि तो पाबळला गेले, सणसवाडीला कामगारांच्या एका खोलीत प्रार्थनासभा होती तिथं गेले. पप्पांच्या स्कूटरवर मागे तो. "जरा सविस्तर सांग बेटा, देवाचं गौरव होतं," पप्पा त्याला समजावत. सविस्तर होता होता पोती वाढली. सणसवाडीत कुणीतरी त्याची साक्ष हिंदीत करून सांगितली, त्यात एक सुरासुद्धा आला, तो त्यानं जन्मात हातात धरला नव्हता. लोक त्याला शर्टाचं कापड देत, पेन देत. एका मामांनी तर स्वतःच्या मनगटावरचं घड्याळ काढून दिलं. मला दहावीच्या पेपरांसाठी घड्याळ हवं होतं आणि पप्पा म्हणत होते, भिंतीवर आहे की.

तेव्हा मी ठरवलं की आपणही साक्ष द्यायची. पाप शोधायला बसले. बराच वेळ बसले. शेवटी एक सापडलं. आमच्या कापणीच्या सणाला लोक शेतातलं पहिलं पीक चर्चमध्ये आणून देवाला वाहतात, कणसं, भोपळे, कोंबड्या, काय काय. पाचवीत असताना त्यातल्या एका गुळाच्या ढेपेचा कोपरा मी फोडला होता आणि पेटीमागे बसून खाल्ला होता. देवाचा गूळ! तरुण संघाच्या बैठकीत मी उभी राहिले, आवाज कापरा केला आणि हे सांगितलं. आधी मागच्या बाकावर कुणी तरी खुसखुसलं. मग सगळे हसले. सगळ्यात मोठ्यानं पप्पा. डोळे पुसत म्हणाले, "बस बाळ, बस. प्रभू क्षमा करील, गोडाचंच आहे."

लाजेनं मला कुठे बघावं कळेना. त्या सबंध खोलीत एकच माणूस हसला नव्हता आणि तो नेमका तो पोरगा होता. त्याचाही मला रागच आला.

दुसऱ्या दिवशी तो विहिरीवर भांडी घासत होता. मी मुद्दाम टोचलं, "तुझं काय बाबा, तुला मोठी साक्ष आहे."

"तुमी घ्या ती, ताई," तो म्हणाला. थट्टा नव्हती त्यात. राख लावून ताट घासत राहिला आणि मग म्हणाला, "दर टायमाला बोललं की तिथला वास येतो. फिनेलचा आन् डाळीचा. म्हंजी परत आत गेल्यावानी वाटतं. सायबास्नी न्हाई कसं म्हणू? त्यांनीच तर भायेर काढलं."

हे तो माइकवर कधी बोलला नव्हता. रविवारी रिमांड होममध्ये भेटायचा दिवस असायचा आणि तो आईची वाट बघत फाटकाजवळच्या कट्ट्यावर बसून राहायचा, हेही नाही. मी ऐकलं, आणि खरं सांगायचं तर मला वाईट वाटण्याआधी असं वाटलं, की याच्याजवळ अजून किती शिल्लक आहे!

पुढच्या उन्हाळ्यात दौंडला दोन दिवसांची मोठी सभा ठरली. रेल्वे कॉलनीजवळच्या मैदानात मांडव पडणार होता आणि समारोपाला याची साक्ष. त्याच्याच गावात. पप्पांना वाटलं, याहून मोठी संधी नाही.

सभेच्या आधी त्याची आई शिरूरला आली. पप्पांसमोर बसायला धजेना, म्हणून स्वयंपाकघरात माझ्या आईजवळ बसली. मी तिथंच तांदूळ निवडत होते.

"पाळकीणबाई, म्या समद्यास्नी सांगितलंय, पोरगं शिरूरला बोर्डिंगला हाय," ती म्हणाली. "दवाखान्यातल्या बाया सभेला येणार हायती. माज्याच मांडीला मांडी लावून बसतील. तिथं जर त्यानं रिमांडचं सांगितलं, तर म्या उद्या कामावर कुठल्या तोंडानं जाऊ? आन् त्यो उद्या दौंडला परत आला तर त्याला दारात तरी कोण उभं करंल?"

आईनं पप्पांना सांगितलं. पप्पा म्हणाले, "सत्य झाकून देवाचं गौरव होत नाही." आईनं त्या दिवशी त्यांचं ताट माझ्या हातून पाठवलं.

त्याच आठवड्यात प्रोबेशन ऑफिसर बाई चौकशीला आल्या. त्या सबंध दुपार एसटीनं फिरून आल्या होत्या, चेहरा उन्हानं काळवंडलेला. सभेचं कळल्यावर त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. "पाळकसाहेब, या मुलांचं नाव पेपरात छापायला कायद्यानं बंदी आहे. का आहे? मुलगा मोठा झाल्यावर हे त्याच्या मागे लागू नये म्हणून. आणि तुम्ही त्याला माइकवर उभं करताय?"

"बाई, कायदा लपवतो. आम्ही क्षमा करतो," पप्पा म्हणाले.

"क्षमा केली असेल तर मग विषय कशाला काढता?" असं म्हणून बाईंनी तो कप पुन्हा उचलला. पप्पांचा हट्ट मात्र सुटला नाही. माझे वडील प्रेमळ होते आणि प्रेमळ माणसाचा हट्ट फार वाईट.

दौंडला मी पेटीवर होते. पहिल्या रांगेत त्याची आई, तिच्या दोन्ही बाजूंना दवाखान्यातल्या बाया, नटूनथटून आलेल्या. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती. यार्डात शंटिंग चाललं होतं, डबे एकमेकांवर आदळल्याचा आवाज मांडवात येत होता. पप्पांनी त्याला हाताला धरून पुढे आणलं. मी त्याच्याकडे बघत होते आणि माझ्या मनात दोन्ही होतं, त्यानं सांगू नये असंही, आणि एकदाचं सांगावं आणि त्याच्याच गावात त्याचं कौतुक उतरावं असंही.

त्यानं माइक धरला. आईकडे बघितलं.

"मी शिरूरला बोर्डिंगला असतो," तो म्हणाला. "तिथं कापणीच्या सणाला लोकांनी देवाला गूळ वाहिला होता. मी त्याचा कोपरा फोडला. पेटीमागं बसून खाल्ला. कुणी बघितलं न्हाई. पण मला झोप लागंना. देवाचं हाय, आन् आपण चोरून खाल्लं. मग मी कबूल केलं. तवा देवानं माफ केलं. तवापासनं मी कशाला हात लावला न्हाई."

माझा गूळ! माझं एकुलतं एक पाप त्यानं भर मांडवात उचललं होतं, आणि एकही माणूस हसला नाही. दवाखान्यातली एक म्हातारी बाई म्हणाली, "किती गुणाचं लेकरू गं तुझं." त्याच्या आईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

दौंडच्या चर्चमधले एक आप्पा, पाबळला त्याची साक्ष ऐकून आलेले, पप्पांच्या कानाशी लागले. मला पेटीवरून ऐकू आलं. "साहेब, खरी साक्ष सांगू द्या ना. त्या मालगाडीची."

पप्पांच्या हातात आता माइक आला होता. त्यांनी त्या मुलाकडे पाहिलं, मग पहिल्या रांगेकडे. इतका वेळ थांबले की मी सूर धरून बसले होते तो सोडावा लागला. मग आप्पांना म्हणाले, "एवढीच आहे त्याची साक्ष," आणि माइकवर फक्त "आमेन" म्हणून गाणं सांगितलं. त्यांचे डोळे भरले होते. उपदेशाच्या चौथऱ्यावर, पुलपिटावर उभं राहून कुणी खोटं बोललं, तर त्याला खाली उतरवणारे माझे पप्पा.

परतीच्या एसटीत तो आमच्या पुढच्या सीटवर झोपून गेला. न्हावऱ्याच्या पुढे मला राहवेना. मी म्हणाले, "पप्पा, हेच मी सांगितलं तेव्हा तुम्ही हसलात. आज रडलात."

पप्पा खिडकीबाहेर उसाकडे बघत म्हणाले, "तुझ्या गुळासाठी कुणी पोलीस बोलावले नसते गं."

एवढंच. मला त्याचा अर्थ लगेच कळला, आणि कळला म्हणून जास्तच राग आला. माझं पाप माझ्याजवळ असताना खेळणं होतं. त्याच्या तोंडी जाऊन ते खरं झालं. यातही तोच पुढे.

त्यानंतर त्यानं कुठेही साक्ष दिली नाही. बोलावणी आली तरी पप्पा परीक्षा आहे म्हणून सांगत. चर्चमध्ये प्रार्थनेला ते आजाऱ्यांची, परीक्षेला बसलेल्यांची, परगावी गेलेल्यांची नावं घेत, त्यात त्याचंही आधी असायचं. तेही घेणं थांबलं.

कोर्टानं दिलेली मुदत संपली तेव्हा त्याची आई त्याला न्यायला आली. शिरूरच्या स्टँडवर आम्ही सगळे पोचवायला गेलो. तिनं नवी साडी नेसली होती, बोर्डिंगातून शिकून निघालेल्या मुलाला न्यायला आलेल्या बाईसारखी. दौंडची गाडी लागली. खिडकीतून रुमाल टाकून तिनं त्याची जागा धरली आणि परत मागे आली, कारण पप्पांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला होता.

पप्पांच्या प्रार्थना शिरूरमध्ये प्रसिद्ध होत्या. लहान मुलं त्यात एक झोप काढून घेत. स्टँडवर एवढी गर्दी, भेळवाला ओरडतोय, कंडक्टर घंटी मारतोय. पप्पांनी डोळे मिटले आणि म्हणाले, "प्रभू, तुझ्या या लेकराला सांभाळ."

नाव नाही, गाव नाही, कुठून आणलं ते नाही. त्याची आई मोठ्यानं आमेन म्हणाली आणि दोघं गाडीत चढले.

पप्पांनी आयुष्यभर माझ्यासाठी केलेल्या प्रार्थना मला पाठ आहेत. त्यांत माझं नाव असायचं, इयत्ता असायची, पेपर असायचे, पुढे नवऱ्याचं नाव आणि त्याची नोकरीही आली. एवढी लहान मात्र त्यांनी माझ्यासाठी एकही केली नाही. तिचा मला अजून हेवा वाटतो.