ताईचा नंबर

माझे सरळ दात खरं तर ताईचे आहेत. मी ते घेतले.

मंगलताई, माझी मोठी बहीण, परवा गेली.

कालपासून भाचा फोटो मागतोय. "मावशी, आईचा एक तरी हसरा फोटो असंल ना तुझ्याकडं? बॅनरला पायजे."
गॅलरी, अल्बम, लग्नाची कॅसेट, सगळं पालथं घातलं. प्रत्येक ठिकाणी तिचा हात नाहीतर पदर तोंडावर.

आम्हा दोघींचेही दात पुढे होते. तिचे जरा जास्तच.

नव्वदच्या दशकातलं युसूफ वडगाव. गावात केबल आली होती. पण तालुक्याला दात उपटून मिळायचे, सरळ करून नाही. तारा बसवायच्या तर थेट औरंगाबादचं सरकारी डेंटल.

ताईने हट्ट करून तिथे नाव लावलं. दातांचा प्लास्टरचा साचा देऊन आली आणि वाट बघत बसली.

नंबर लागल्याचं पोस्टकार्ड आलं, त्याच आठवड्यात तिचं लग्न ठरलं.
बघायला आले तेव्हा आईने बजावलं होतं, "पावन्यांसमोर हसू नको. नुसती मान हालव."
ताई हसली नाही. जमलं.

तारांसाठी दर महिन्याला जावं लागतं, दोन वर्षं. सासरहून कोण पाठवणार?

ठरल्या तारखेला ती मला घेऊन एसटीत बसली. मला वाटलं, मी नुसती सोबतीला. तिथे डॉक्टरबाईंना म्हणाली, "माझ्या जागी हिला घ्या. हिचं लगीन लांब हाय."
बाई चिडल्या. "असा नंबर देता येत नाही. आणि गरज तुला जास्त आहे."
"मला कोन पाठवनार हाय, बाई?"
 बाईंनी माझ्याकडे बघितलं.

मी तेरा वर्षांची होते. सगळं कळत होतं. "नको, तिचंच करा," एवढंच म्हणायचं होतं.
मी पटकन खुर्चीत जाऊन बसले.

बाईंनी माझा साचा घेतला. ताईने स्वतःचा मागून घेऊन पिशवीत टाकला.

हे लिहिताना चार वेळा उठून फेऱ्या मारल्या. एका जागी बसवतच नाहीये.

ती कधी बोलली नाही. माहेरी आली की माझी हनुवटी धरायची. "हास गं बारके, बघू दे माझे दात."
मी हसायचे. आणि दर वेळी लाज वाटायची.

आज सकाळी तिच्या कपाटात बिस्किटाचा डबा सापडला. आत तो साचा, ओढणीच्या तुकड्यात गुंडाळलेला.
भाच्याने हातात घेतला. "मावशी, हे कुनाचे दात?"
पोटच्या पोराला आईचे दात ओळखता आले नाहीत.

फोटो मिळाला नाही तो नाहीच. म्हणून सोबत साच्याचा टाकतेय. ही माझी ताई. इथे तरी मध्ये हात नाही.

जा ताई. त्या खुर्चीतला नंबर तुझाच होता.