आलं का गं तुझ्याकडं?

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतेय, तेही नीट ठाऊक नाही.

टेमघरला आमचं आणि शालनचं घर जोडून. दोघींना खाली तळघर, मधल्या आडभिंतीला सिमेंटची जाळी. मागची विटांची भिंत मात्र दोघींची एकच — अख्खी मातीत गाडलेली. पावसाळाभर तिच्यातून पाणी झिरपायचं. माझ्याकडे लग्नकार्याला भाड्याने द्यायची भांडी, शालनकडे गोधड्या. लूमवरचे कापडाचे उरलेले तुकडे आणून ती वर्षभर शिवायची, थंडीत विकायची. तिचं घर त्यावरच चालायचं.

दुपारी जेवणं उरकली की जाळीतून तिची हाक — "आलं का गं तुझ्याकडं?" मी म्हणायचे, "आलंय." मग दोघी आपापल्या बाजूला फडकं पिळत बसायचो. ती सासूची नक्कल करायची. "तुझी भांडी पोहतील गं, माझ्या गोधड्यांना कुठं पोहता येतंय?" असं म्हणून स्वतःच हसायची.

मी कामं तुंबू देणारी बाई नाही. यादी करते, एकेक खोडते. शालन माहेरी पूर्ण्याला गेली होती, तेवढ्यात माझ्या बाजूच्या भिंतीची गळती बंद करायला मिस्त्री बोलावला. तो म्हणाला, "बाजूवाली का भी साथ में करें? नहीं तो सब पानी उधर जायेगा."

"उनको नहीं करना है," मी म्हटलं.

विचारलंच नव्हतं. ती आली की चर्चा, चहा, उद्या बघू — मला काम संपवायचं होतं. एवढंच.

ती आली. पाऊस लागला. "आलं का गं?"

माझी फरशी कोरडी ठणठणीत. आणि मी म्हणाले — "आलंय."

पहिल्यांदा तोंडातून निसटलं, म्हणा. पण दुसऱ्या दिवशी? दुसऱ्या दिवशी मी वरून बादली भरून नेली. फडकं बुडवलं, पिळलं — तिला ऐकू जाईल असं. सगळा पावसाळा हेच. पकडली जाऊ नये म्हणून? की ती दुपार हवी होती म्हणून?

"औंदा लय येतंय," ती म्हणायची. "पण तुझ्याकडं बी येतंय, म्हंजे पाऊसच तसा हाय." म्हणून तिने मिस्त्री बोलावला नाही, गठ्ठे वर हलवले नाहीत. थंडीत सोडले, तर आतून काळे पडलेले. माझ्या भांड्यांना पाण्याने काय झालं असतं? पुसली असती.

घर सोडून ती भावाकडे पूर्ण्याला गेली. तिथे गोदामात पॅकिंगला जाते म्हणे. निघताना वाचलेल्यांतली एक गोधडी माझ्या हातात ठेवली. "ठेव गं. तुझ्याकडं बी ओल हाय, गारठशील."

मी घेतली.

पूर्णा काही लांब नाही. मी गेलेले नाही.

जाळीपलीकडे आता कुणाचे तरी खोके आहेत. दुपारी भांडी लावायला खाली उतरते, थोडी थांबते. भिंत अजून कोरडी आहे.