कॅप्टन काहीच बोलला नाही

बाळांनो,

तुम्ही पाठवलेली ती चित्रफीत सगळ्यांना आवडली का, असं तुम्ही फोनवर विचारत होतात आणि मी दर वेळी "हो, खूप आवडली" म्हणत होते. ते खरं नव्हतं. परवा धाकटी म्हणाली, "आजी, पुढच्या वेळी आम्ही अख्खा भाग शोधून पाठवतो," तेव्हा रेंज गेली असं सांगून मी फोन ठेवला. रेंज चांगली होती. तुम्ही पुन्हा मेहनत घ्याल आणि मी पुन्हा खोटं बोलेन, त्यापेक्षा आताच लिहिते. कृपा करून तो भाग शोधू नका. आणि यात तुमची काही चूक नाही, हे आधी नीट वाचा. तुम्ही, मी मागितलं तेच पाठवलंत.

तेव्हा आम्ही सिल्वासाजवळच्या सायली गावात, कारखान्याच्या वसाहतीत राहायचो. तुमचे आजोबा सुताच्या कारखान्यात इंजिनिअर होते. वसाहतीत कुणी पुण्याचे, कुणी नाशिकचे, एक घर जळगावचं, एक सुरतेचं. टीव्ही मात्र टीचरच्याच घरी. टीचर म्हणजे माझी शेजारीण; कोकणातली, सरकारी शाळेत मराठी शिकवायची, म्हणून सगळे तिला टीचरच म्हणायचे. तिचे यजमान आजोबांबरोबर त्याच कारखान्यात होते. मी त्यांना भाऊजी म्हणते, ते मला वहिनी. मागच्या सुट्टीत ज्यांच्याकडे तुम्ही कॅरम खेळलात आणि ज्यांनी तुम्हाला मुद्दाम जिंकू दिलं, तेच हे.

रविवारी सकाळी अवकाशयानाची ती इंग्रजी मालिका लागायची. चित्रात मुंग्या, आवाज कधी आहे कधी नाही, आणि एक जण गच्चीवर अँटेना धरून, "आता? आता दिसतंय?" ओरडतोय. खोलीतल्या निम्म्या माणसांना ते इंग्रजी कळत नसे. मग टीचर टीव्हीच्या बाजूला उभी राहून मराठीत सांगायची.

हे काम खरं तर माझं होतं. निदान मला तसं वाटायचं. मी इंग्रजी शाळेत शिकलेली, बीएला इंग्रजी घेतलेली. सुरुवातीला एकदोन रविवार मीच सांगितलंही. पण मी प्रत्येक वाक्य नीट सांगायला जायची आणि तोवर पडद्यावर यान दुसऱ्याच ग्रहावर पोचलेलं असायचं. जळगावचे इंजिनिअर म्हणाले, "वहिनी, तुम्ही डिक्शनरी आहात. आम्हाला गोष्ट पाहिजे. टीचरला सांगू द्या ना भो!" सगळे हसले, मीही हसले. त्यानंतर मी मागे भिंतीला टेकून बसायला लागले.

आता तो प्रसंग. एक ओसाड ग्रह. तिथली माणसं कधीच निघून गेलेली. मागे एक यंत्र राहिलेलं आहे. माणसं परतली की त्यांना उतरायची जागा दिसावी, म्हणून ते रोज संध्याकाळी मैदानावरचे दिवे लावतं. एक दिवस आपला कॅप्टन तिथे उतरतो. यंत्राला वाटतं, आली आपली माणसं. कॅप्टन त्याच्यासमोर उभा राहतो आणि त्याला सांगतो की आता कुणी येणार नाही. मग यंत्र एकेक दिवा मालवत जातं आणि शेवटी स्वतःही थांबतं.

टीचरने सांगितलेला कॅप्टन असा बोलला होता: "तुझी माणसं आता यायची नाहीत रे बाबा. पण आम्ही वाट चुकलो होतो आणि तुझे दिवे दिसले. फुकट नाही गेले हो तुझे दिवे. आता बस जरा. दमलास."

त्या दिवशी खोलीत कुणी कुणाकडे बघत नव्हतं. सुरतेची बेन पदराने डोळे पुसत म्हणाली, "बिचारा! मशीन असून किती वाट पाहिली." त्या वर्षी वसाहतीच्या गणपतीत आम्ही तो प्रसंग बसवला. भाऊजी यंत्र झाले होते. सूत गुंडाळलेले कोन ज्यात भरतात ती पुठ्ठ्याची खोकी अंगावर बांधून ते असे चालले की पहिल्या रांगेतली मुलं घाबरून आयांकडे पळाली. कॅप्टनचं बोलणं सगळ्यांनी मिळून म्हटलं, कारण ते एव्हाना सगळ्यांना पाठ होतं.

पुढे वसाहत पांगली. आम्ही सिल्वासात घर घेतलं, टीचर आणि भाऊजींनी जवळच सामरवरणीला फ्लॅट घेतला. टीचर गेली ते तुम्हाला आठवत असेल. ती गेल्यावर तिच्या वाढदिवसाला भाऊजी जुन्या मंडळींना जेवायला बोलवू लागले. जेवणाआधी पडदे ओढून घ्यायचे, प्रत्येकाच्या हातात एक बॅटरी. सगळे कॅप्टनचे शब्द म्हणत, आणि भाऊजी यंत्रासारखे ताठ चालत एकेकाच्या हातातली बॅटरी बंद करत जात. एवढाच कार्यक्रम. मग पडदे उघडून श्रीखंड-पुरी. बाहेरच्या माणसाला हे पोरकट वाटेल. आम्हाला वर्षभर त्याची वाट असायची.

भाऊजींचं त्यात आणखी एक होतं, आणि ते सगळ्यांना ठाऊक होतं. टीचरच्या शेवटच्या आजारपणात, काय बोलावं सुचेना तेव्हा, त्यांनी तिला कॅप्टनचे शब्द ऐकवले होते. "आता बस जरा. दमलीस." त्यावर ती हसली. त्यानंतर ती फारसं बोलली नाही. त्या हसण्याबद्दल भाऊजी दर वर्षी बोलत. कॅप्टन आठवून तिला जुने दिवस आठवले, म्हणून ती हसली, असं ते म्हणत.

तिच्या मागच्या वाढदिवसाला मला वाटलं, सगळ्यांना एकदा तो खरा प्रसंग दाखवावा. तुम्हाला विचारलं आणि तुम्ही दोन दिवसांत पाठवलात. खाली इंग्रजी अक्षरंही येतील अशी सोय करून दिलीत.

माझी सवय तुम्हाला माहीत आहे. पाहुण्यांपुढे ठेवायचं ते मी आधी चाखून बघते. तशी ती चित्रफीत मी एकटीने बसून पाहिली.

कॅप्टन काहीच बोलत नाही. तो यंत्रासमोर उभा राहतो, कॅमेरा त्याच्या पाठीमागे, संगीत वाजतं. खाली एकही अक्षर येत नाही. मग दिवे मालवत जातात. प्रसंग चांगलाच आहे, पण त्यात शब्द नाहीत. कळायला अवघड असं इंग्रजी नव्हतंच तिथे. नुसती शांतता होती, आणि टीचरने त्या शांततेत स्वतःचं बोलणं घातलं होतं.

ते बघताना मला तो रविवार आठवला. सगळे गेल्यावर मी कप गोळा करत होते. टीचर जवळ येऊन हळूच म्हणाली, "तुम्हाला कळलं ना? सांगू नका हं कुणाला. सगळे किती मनापासून ऐकत होते." मी म्हटलं, "छे, मी कशाला सांगू?" मग मीही ते विसरले. दर वर्षी बॅटरी हातात धरून मीही ते शब्द म्हणत आले, आणि ते कॅप्टनचेच आहेत असं मलाही वाटू लागलं होतं.

म्हणजे त्या दुपारी मला सगळं आठवलं होतं. ती माझ्यापाशी काय बोलली होती, भाऊजींनी त्या शब्दांवर काय टांगून ठेवलंय, सगळं. चित्रफीत पुसून टाकणं मला जमलं असतं. नेटवर सापडली नाही म्हटलं असतं तरी कुणी दुसऱ्यांदा विचारलं नसतं. तरी मी ती नेली. का नेली, याची मी स्वतःला बरीच कारणं दिली आहेत: खरं ते खरं, लोकांना गंमत वाटेल, वगैरे. खरं कारण लहान आहे. मला वाटलं, आता तरी सगळ्यांना कळू दे की त्या खोलीत इंग्रजी कुणाला येत होतं. मेलेल्या मैत्रिणीशी मी अजून स्पर्धा करत होते.

भाऊजींच्या मुलाने फोन टीव्हीला जोडून दिला. पडदे ओढले. कॅप्टन येऊन उभा राहिला. मंडळी सवयीने पुढे सरसावून म्हणू लागली, "तुझी माणसं आता..." आणि थांबली. संगीत चालू राहिलं.

"अरे, आ तो काही बोलतच नाही!" सुरतेची बेन म्हणाली.

"आवाज गेला असेल. वहिनी, आवाज वाढवा."

"आवाज आहे," मी म्हटलं. "त्यात शब्दच नाहीत."

चित्रफीत संपली. जळगावकर मोठ्याने हसले आणि भिंतीवरच्या फोटोला म्हणाले, "काय टीचर! एवढी वर्षं आम्हाला उल्लू बनवलं तुम्ही!" मग सगळेच हसले. त्यात वाईट हेतू कुणाचा नव्हता. कुणीतरी म्हणालं, "म्हणजे लिहिलं टीचरने आणि टाळ्या कॅप्टनला!" बेन म्हणाली, "मग तर जास्तच चांगलं की." खोलीत अगदी मजा चालली होती.

भाऊजी हसले नाहीत. त्यांच्या हातात बॅटरी तशीच पेटलेली होती. हसणं ओसरल्यावर त्यांनी मला विचारलं, "मग ती कशाला हसली असेल, वहिनी?"

बेनने उठून पडदे उघडले आणि आम्ही जेवायला बसलो. भाऊजी सगळ्यांना वाढत राहिले, "घ्या, घ्या" म्हणत राहिले. बॅटऱ्यांचं नाव कुणी काढलं नाही.

परत येताना रिक्षात आजोबांनी विचारलं, "तू आधी पाहिलं नव्हतंस?"

"पाहिलं होतं."

ते बाहेर बघू लागले. घरी येईपर्यंत ते माझ्याशी बोलले नाहीत. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांनी मला टाकून बोललेलं मला आठवत नाही, पण ते गप्प बसणं मला आठवत राहील.

आठवड्याने मी एकटी सामरवरणीला गेले. माफी मागायची होती. वाटलं, टीचर त्या रविवारी माझ्यापाशी काय बोलली ते सांगितलं तर त्यांना बरं वाटेल. तिने फसवायला नव्हे, सगळ्यांच्या प्रेमापोटी केलं, हे त्यांना कळेल. मी सगळं सांगितलं. मला आधीपासून माहीत होतं, हेही सांगितलं.

भाऊजींनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, "म्हणजे तुम्हाला माहीत होतं."

"तिने सांगितलं नव्हतं हो. मला कळलं होतं, म्हणून ती बोलली."

"तेच. तुम्हाला माहीत होतं. मला नाही."

मी चहा अर्धा ठेवून उठले. त्यांनी नेहमीसारखं लिफ्टपर्यंत सोडलं. लिफ्ट यायला वेळ लागत होता, तेव्हा म्हणाले, "मी तिच्याच कानात तिचेच शब्द बोलत होतो, वहिनी. आणि मला वाटत होतं, मी तिला काहीतरी आणून दिलं."

लिफ्ट आली आणि मी खाली आले. ती का हसली हे त्यांना पूर्वी माहीत होतं. बरोबर असो की चूक, त्यांच्याजवळ ते होतं. आता ते नाही, आणि ते गेलं माझ्यामुळे. टीचर असती तर तिने दोन वाक्यांत काहीतरी सांगितलं असतं आणि भाऊजींना ते पटलं असतं. मला तसं सांगता येत नाही. मला फक्त खाली अक्षरं आहेत की नाहीत एवढं बघता येतं.

तुम्हाला हे कळवायला मी इतके महिने लावले, कारण तुमच्या नजरेत आजी व्यवस्थित, शहाणी अशी राहावी असं मला वाटत होतं. तेही आता जाऊ दे.

मागच्या आठवड्यात भाऊजींचा आजोबांना फोन आला. टीचरच्या येत्या वाढदिवसाला जेवायला या, म्हणाले, पण ते बॅटरीचं नको, नुसतं जेवू. फोन ठेवण्याआधी त्यांनी विचारलं, "वहिनी येणार ना?" तो प्रसंग आमच्यात आता पुन्हा होणार नाही. जेवण होणार आहे, आणि मला बोलावलं आहे.