मारवेलाचा तुकडा आणि नागपूरची फेरी

शेण उचलून झालं होतं, सडा पडला होता आणि गाय पान्हा चोरत होती. सत्तरच्या दशकातली, आश्विनातली ती सकाळ. माझे यजमान जाऊन वर्ष होत आलं होतं. गाईच्या दुधावर घर चाले आणि तिच्या चाऱ्याला एकच मारवेल गवताचा तुकडा. भाद्रपदात कापल्यावर तो पुन्हा फुटलाच नव्हता.

दीर दारात आले. "वहिनी, गवत मेलं. परवा नांगर घालतो, हरभरा होईल. गाय काहून ठेवून राहिल्या?"

"मले एक दिवस द्या, भाऊजी."

शेतकी मासिकात नागपूरच्या सरकारी कुरणाबद्दल वाचलं होतं. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत गवताचा एक ठोंब मातीसकट फडक्यात बांधला आणि सावनेरहून पहिली एस.टी. धरली. नंतरच्या गाडीत उभं राहावं लागे. भाकरी सोबत होती ते बरं. कुरणाच्या वाटेवर चहाशिवाय काही मिळालं नाही. सायकलरिक्षाचं भाडं आधी ठरवलं. बसल्यावर मात्र एकच घोर: दीर उतावळे, आजच नांगर जुंपला तर?

कुरणात गवत कापणारी बाई ठोंब बघून हसली. "काय वं बाई, दाढी केली का गवताची?"

"आमच्याकडे असंच कापतात. खुंट ठेवला तर आळशी म्हणतात. अन् त्याच सांजेला गुरं सोडतात."

तिथल्या साहेबांनी वाळकं पान सोललं. आत पांढरा कोंब होता. "फुटवे बुडाशी येतात. जमिनीलगत कापलं की कोंबही जातो, उरलेला गाय खाते. चार बोटं बूड ठेवा. गुडघ्याएवढं होईस्तोवर गुरं सोडू नका."

"म्हणजे जगेल?"

"हा जिवंत आहे. बाकीचे तुम्हीच सोलून बघा."

गांधीबागेच्या बाजारात लुगडं घ्यायचं होतं. पाय वळले नाहीत.

गावी पोचले तेव्हा नांगर बांधावर येऊन पडला होता, जमीन शाबूत होती. दीर बघत उभे राहिले आणि मी ठोंब सोलत गेले. काही कोंब काळे, काही पांढरे.

"नाहीच जगलं तर?"

"तर पुढच्या वर्षी नांगरा."

नागपूर काही पाहिलं नाही. बुडात बघायला तेवढं शिकले. यजमानही असंच कापायचे, अगदी जमिनीला टेकून, नीटस. ते असते तर हे त्यांनाच आधी सांगितलं असतं.

दुसऱ्या दिवशी गाय गोठ्यात बांधली, तिला उरलेला कडबा टाकला आणि तुकड्याभोवती बाभळीच्या काट्यांचं कुंपण घातलं.